बुडालेल्या रोजाचा खेळ

उत्तर इंग्लंडमध्ये हडर्सफील्ड नावाचे एक गिरणगाव आहे. तेथील जॉर्ज हॉटेलात २९ ऑगस्ट १८९५ रोजी वीसएक रग्बी क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी रग्बी युनियनशी असलेले नाते तोडून टाकले. वाद खेळाच्या नियमांचा नव्हता. तो बुडालेल्या रोजाचा होता. शनिवारी सामना खेळावयाचा, तर खाणीतल्या अथवा गिरणीतल्या मजुराला पाळी सोडावी लागे, आणि पाळी सोडली की मजुरी जाई. ती भरून मिळावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. उच्चभ्रू शाळांत वाढलेल्या युनियनच्या धुरीणांना खेळासाठी पैसा घेणे कमीपणाचे वाटे. त्यांनी १८९३ सालीच ती फेटाळली होती. नव्या संघटनेने दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. शंभर वर्षांनी, १९९५ साली, रग्बी युनियननेही व्यावसायिकता स्वीकारली, हा काळाचा न्याय म्हणावयाचा!

तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला वेगवान खेळ हवा होता. म्हणून १९०६ साली खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणण्यात आली, आणि पकडल्या गेलेल्या खेळाडूने उभे राहून चेंडू पायाने मागे सारून खेळ चालू ठेवावा, असा नियम झाला. रग्बी लीग या नावाने आज ओळखला जातो, तो हाच खेळ.

त्याला आंतरराष्ट्रीय रूप दिले, ते आल्बर्ट बास्करव्हिल या न्यूझीलंडमधील टपालखात्याच्या एका तरुण कारकुनाने. १९०७ साली तो आपला संघ घेऊन इंग्लंडला गेला. वाटेत सिडनीत झालेल्या सामन्यांनी ऑस्ट्रेलियातही या खेळाचे बीज रुजविले. परतीच्या प्रवासात, १९०८ साली, ब्रिस्बेन येथे न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. त्याने लावलेले रोप मात्र फोफावले.

ब्रिटिश रसिकाच्या अभिमानाच्या साऱ्या आठवणी यापुढच्या सहासात दशकांतल्या आहेत. १९१४ साली सिडनीत ब्रिटनचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले. बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. एका वेळी तर तेरांविरुद्ध दहाच उरले. तरीही त्यांनी तो सामना १४-६ असा जिंकला. १९५४ साली फ्रान्समध्ये भरलेली पहिली विश्वचषक स्पर्धा ब्रिटननेच जिंकली. १९७० साली ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर अ‍ॅशेस मालिका हस्तगत झाली. १९७२ साली लियाँ येथे अंतिम सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि साखळीतील सरस कामगिरीच्या बळावर विश्वचषक पुन्हा ब्रिटनकडे आला. कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन त्या संघाचा कर्णधार होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

पुढे दैव फिरले. २०१७ च्या अंतिम सामन्यात इंग्लंड ऑस्ट्रेलियाकडून अवघ्या ६-० ने हरले. २०२५ साली, बावीस वर्षांच्या खंडानंतर, अ‍ॅशेस मालिका इंग्लंडमध्ये पुन्हा खेळली गेली. तिन्ही सामने ऑस्ट्रेलियाने जिंकले. कारणे उघड आहेत. खेळातला पैसा सिडनीच्या बाजूस एकवटला आहे. गुणी इंग्रज खेळाडूही तिकडेच ओढले जातात. आणि क्लबांच्या भरगच्च वेळापत्रकात राष्ट्रीय संघाच्या वाट्याला मोजके दिवस येतात.

पण रसिकाची खरी परीक्षा झाली, ती निराळ्याच मैदानावर. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंडने सामोआला पहिल्या सामन्यात ६०-६ असे लोळविले. महिन्याच्या आतच उपांत्य सामन्यात तोच सामोआ जादा वेळेतल्या एका गुणाने २७-२६ असा जिंकला. तीन वर्षांपूर्वी, २०१९ साली, टोंगाने ब्रिटनला १४-६ आणि ऑस्ट्रेलियाला १६-१२ असे नमविले होते. टोंगाची लोकसंख्या जेमतेम एक लाख! ऑकलंडमध्ये जन्मलेल्या आणि न्यूझीलंडकडून खेळलेल्या जेसन टाउमालोलोने २०१७ साली पूर्वजांच्या या बेटांचा पक्ष घेतला. इतरांनीही तीच वाट धरली, आणि दुबळा मानला गेलेला संघ बलाढ्यांच्या पंगतीला बसला.

इंग्लंडच्या रसिकाने या पराभवांचे दुःख करावे की आनंद मानावा? फ्रान्समध्ये ठरलेली २०२५ ची विश्वचषक स्पर्धा त्या देशाने २०२३ साली सोडून दिली आणि ती २०२६ साठी ऑस्ट्रेलियाकडे सोपवावी लागली. या खेळाचे अंगण किती अरुंद आहे, ते यावरून दिसते. तीनच देशांत फिरणारा चषक जिंकून कीर्ती ती किती मिळणार? तुल्यबळ प्रतिस्पर्धी जितके वाढतील, तितके राष्ट्रीय संघाला कसोटीचे सामने मिळतील, आणि कसोटीवाचून कस वाढत नाही.

ज्यांना बरोबरीने खेळणे परवडत नव्हते, त्यांना मैदानात उभे करण्यासाठी हा खेळ १८९५ साली जन्मला. त्या वेळी ते यॉर्कशायरचे मजूर होते. आज ते पॅसिफिकमधील बेटांचे पुत्र आहेत. आपल्या संघाला हरविणाऱ्या सामोआसाठी ज्या इंग्रज प्रेक्षकाने त्या दिवशी टाळी वाजविली असेल, त्याने हडर्सफील्डच्या त्या सभेचा वारसा राखला, असेच म्हटले पाहिजे.