बाटलीबाहेरची परीक्षा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. भर उन्हाळ्यात त्याच्या गारव्यातून तटावर आलो की झळ लागते, आपण चटकन सावली गाठतो. काचेच्या बाटलीतून बाहेर आलेल्या रोपाला असे हलता येत नाही. ऊतिसंवर्धनाचा इतिहास सांगताना आपण बाटलीपाशीच थांबतो. पण खरी परीक्षा बाटलीबाहेर होते, असे आम्हाला वाटते.

सुट्या वनस्पतिपेशी कृत्रिम माध्यमात वाढवण्याची कल्पना हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडली. ऑक्झिन आणि सायटोकायनिन यांच्या प्रमाणावर मुळे फुटणार की कोंब हे ठरते, असे स्कूग व मिलर यांनी 1957 मध्ये दाखवले. 1960 मध्ये फ्रान्समधील मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडची विषाणुमुक्त रोपे शेंड्याच्या ऊतींपासून मिळवली आणि शोभेच्या झाडांच्या व्यवसायाला नवी वाट सापडली.

पण बाटलीत टवटवीत दिसणारी रोपे बाहेर येताच माना टाकत. असे का व्हावे? 1977 मध्ये ग्राउट व ॲस्टन यांनी फुलकोबीच्या अशा रोपांच्या पानांवर मेणाचा थर अपुरा असल्याचे दाखवले. 1981 मध्ये ब्रेनर्ड व फुचिगामी यांना सफरचंदाच्या रोपांत दुसरे कारण दिसले: कोरड्या हवेतही पर्णरंध्रे लवकर मिटत नव्हती. बाटलीतली हवा बाष्पाने भरलेली. तिथे पाणी राखण्याची गरजच पडली नव्हती. शिवाय माध्यमातून साखर आयती मिळत असल्याने प्रकाशसंश्लेषणही मंद राहते. मात्र काही दिवस कमी आर्द्रतेत ठेवलेल्या सफरचंदाच्या रोपांची रंध्रे लवकर मिटू लागली. म्हणजे दोष कायमचा नव्हता!

रोपवाटिकांत ‘हार्डनिंग’ म्हणतात ते हेच. जरबेरा, अँथुरियम यांची रोपे धुऊन त्यांच्या मुळांवरचे अगर काढतात, कोकोपीटमध्ये लावतात, सावलीत प्लॅस्टिकखाली दमट हवेत ठेवतात आणि काही आठवड्यांत आच्छादन थोडे थोडे उघडत जातात. घाई केली तर प्रयोगशाळेतले सारे श्रम वाया जातात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सागावर असे काम झाले. 1989 मध्ये केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने तिथे मोठ्या प्रमाणावर रोपे तयार करणारे पथदर्शी केंद्र उभे राहिले. केंद्र कुठलेही असो, रोप अखेर बाहेरच्याच हवेत जाते आणि मराठवाड्यातला एप्रिल कोणाची गय करत नाही.

वर्गात बाटलीतले रोप दाखवाल तेव्हा मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: झाकण उघडल्यावर पुढे काय?