शिलाँगची मेस आणि एक मेरिट लिस्ट

शिलाँगची पोस्टिंग आली तेव्हा तिथे आधी राहून आलेल्या एका सीनियरने दोनच सूचना दिल्या. रेनकोट दोन घे, आणि तिथे डिलनबद्दल वाकडे बोलू नकोस. रेनकोटांचे महत्त्व जूनमध्ये कळले. दुसरी सूचना त्याआधीच, २४ मेला कळली. बॉब डिलनचा हा वाढदिवस लू माजाव नावाचे इथले गायक १९७२ पासून दरवर्षी गाऊन साजरा करत आले आहेत.

मला ते जड गेले नाही, कारण मी मूळचा डिलनवालाच. खडकवासल्याला माझ्या शेजारच्या केबिनमधल्या कोर्समेटकडे 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'ची कॅसेट होती. ड्रिल, पीटी आणि सीनियर्सच्या रगड्यातून उरलेल्या वेळात ती इतकी वाजली की शेवटी टेप ताणून डिलनचा आवाज आणखीच घोगरा झाला.

परवा मेसमध्ये पावसाने वीज गेली आणि वाद पेटला. आमच्या एका तरुण कॅप्टनने फोनवर 'रोलिंग स्टोन' मासिकाची २०२० ची सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी उघडली. "सर, जोनी मिचेलचा 'ब्लू' तिसरा. तुमचा 'ब्लड' नववा." मी म्हटले, याच मासिकाच्या २००३ च्या यादीत 'ब्लड' सोळावा होता आणि 'ब्लू' तिसावा. त्यावर तिने शांतपणे विचारले, "सर, तुम्ही 'ब्लू' पूर्ण ऐकलाय?"

ऐकला नव्हता. डॉसियर न उघडता गुण देणाऱ्या बोर्ड मेंबरला आपण काय म्हणतो, ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्या रात्री ऐकला. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटे.

आपल्या कानांना 'सिंगर-साँगरायटर' ही जातच जरा परकी. आपल्याकडे गदिमांनी लिहायचे, बाबूजींनी चाल लावायची. शब्द, चाल आणि गळा एकाच माणसाचा म्हटले की आपल्याला शाहीर आठवतो. अमेरिकेतही बराच काळ कामाची अशीच वाटणी होती. कॅरोल किंग आणि तिचा नवरा गेरी गॉफिन न्यूयॉर्कमध्ये इतरांसाठी गाणी रचत. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे त्यांचे गाणे शिरेल्स या मुलींच्या गटाने गायले आणि १९६१ च्या जानेवारीत ते पहिल्या क्रमांकावर पोचले. मग डिलन आला. आपले शब्द आपल्याच आवाजात गायचे, आवाज कसाही असो, ही रीत त्याने रुजवली.

खरी गंमत १९७१ ची आहे. हॉलिवूडमधला ए अँड एम स्टुडिओ चार्ली चॅप्लिनच्या जुन्या आवारात होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे एका खोलीत कॅरोल किंग 'टॅपेस्ट्री' ध्वनिमुद्रित करत होती आणि जवळच दुसऱ्या खोलीत जोनी 'ब्लू'. जेम्स टेलर दोन्हीकडे गिटार वाजवत होता. किंगने आपले ते जुने गाणे स्वतः गायले तेव्हा मागे जोनी आणि टेलरचे आवाज होते. 'टॅपेस्ट्री' १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्याला चार ग्रॅमी मिळाली. 'ब्लू'ची मजल पंधराव्या क्रमांकापर्यंत. त्या वर्षी मेरिट लिस्ट लागली असती तर जोनीच्या अल्बमला पहिल्या दहांतही जागा नव्हती.

का, याचे एक उत्तर 'लिटल ग्रीन' या गाण्यात आहे. १९६५ च्या फेब्रुवारीत, एकवीस वर्षांची, अविवाहित, हातात पैसा नाही अशा अवस्थेत जोनीने टोरांटोत एका मुलीला जन्म दिला आणि पुढे तिला दत्तक दिले. हे गाणे त्या मुलीचे. 'रोलिंग स्टोन'च्या परीक्षकाने १९७१ मध्ये अल्बमचे कौतुक केले, पण या गाण्याबद्दल शेरा मारला की त्यातले संदर्भ इतके गूढ आहेत की काही उमजत नाही. त्याला तरी कसे उमजणार? ती गोष्ट पुढे वीसेक वर्षे जगाला ठाऊक नव्हती. मायलेकींची भेट झाली ती थेट १९९७ मध्ये.

न उमजणे एकवेळ चालेल. पण त्याच मासिकाने त्या वर्षाची 'ओल्ड लेडी' म्हणून जोनीची निवड केली. तिकडच्या बोलीत याचा अर्थ म्हातारी नव्हे, कुणाची तरी बाई. तिचे नाव कोणाकोणाशी जोडले जाते याचा बाण काढलेला तक्ताही छापला. तिने मग त्या मासिकाशी बोलणेच टाकले, ते १९७९ पर्यंत. आणि त्याच मासिकाने ४९ वर्षांनी 'ब्लू'ला तिसरा क्रमांक दिला!

अल्बम तोच, छत्तीस मिनिटेही तीच. बदलले ते बोर्ड. २००३ च्या यादीत पहिल्या दहांत चार बीटल्सचे, दोन डिलनचे, आणि बाई एकही नाही. २०२० ला ३०० हून अधिक गायक, निर्माते आणि समीक्षकांकडून नव्याने मते घेतली, त्यांत तरुण पुष्कळ होते. मी स्वतः दरवर्षी माणसांना नऊपैकी गुण देतो, त्यामुळे हे वाचताना थोडा चुळबुळलो. ज्याची भाषा मला येत नव्हती अशा एखाद्या जवानाला मी 'अबोल' लिहून मोकळा झालो असेन का? झालो आहे, एकदा तरी नक्की.

डिलनच्या बाजूनेही सांगायला हवे. 'ब्लड'मधली दहापैकी पाच गाणी त्याने १९७४ च्या डिसेंबरात भावाच्या सांगण्यावरून मिनिआपोलिसमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केली, स्थानिक वादकांना घेऊन. वेष्टने आधीच छापून झाली होती, म्हणून त्या वादकांची नावे त्यावर आलीच नाहीत. हे लोक यादीत नवव्या क्रमांकाच्या पोटात निनावी बसले आहेत. रेजिमेंटच्या इतिहासात असे बरेच असतात.

'ब्लू' ऐकून क्रिस क्रिस्टोफरसन जोनीला म्हणाला होता, काहीतरी स्वतःसाठीही राखून ठेव. हा गृहस्थ आपल्यातला. अमेरिकन सैन्यात कॅप्टन, हेलिकॉप्टर पायलट, वेस्ट पॉइंटला इंग्रजी शिकवण्याची नेमणूक हातात आलेली. १९६५ मध्ये ते सगळे सोडून तो गाणी लिहायला नॅशव्हिलला गेला आणि स्टुडिओत झाडू मारायला लागला. १९६६ मध्ये डिलन 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' करत होता तेव्हा तिथली सफाई हा माजी कॅप्टन करत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कॅप्टनने माझी यादी मागितली. मी मेसच्या चिट्ठीवर लिहून दिली: 'ब्लू', 'ब्लड ऑन द ट्रॅक्स', आणि तिसरा क्रिस्टोफरसनचा १९७० चा पहिला अल्बम. 'टॅपेस्ट्री' चौथा.

तिने चिट्ठी वाचली आणि म्हणाली, "सर, तिसरा तर सरळसरळ रेजिमेंटल फीलिंग."

मी म्हटले, हो.