धाव, फाळ आणि गिअरबॉक्स

मालवाहू पिकअपचा तिसरा गिअर पडेनासा झाला, किंवा चढावर गिअर आपोआप सुटून गाडी न्यूट्रल होऊ लागली, की लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या गावात मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो : गिअरबॉक्स खोलून काम करून घ्यायचे, की अख्खा गिअरबॉक्सच बदलायचा? या भागात पहिला कौल सहसा दुरुस्तीला मिळतो. शहरातला माणूस याला जुगाड म्हणतो, अर्थतज्ज्ञ भांडवलाची टंचाई म्हणतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण या सवयीची मुळे त्याहून खोल गेली आहेत. मोडलेल्या वस्तूचा कोणता भाग गेला म्हणजे वस्तूच गेली, याचा एक हिशेब मराठवाड्याने मोटारगाडी येण्याच्या कितीतरी आधी पक्का केला होता. पिकअपचा निर्णय आजही त्याच हिशेबाने घेतला, तर तो सहसा चुकत नाही.

तो हिशेब बैलगाडीच्या चाकात दिसतो. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांच्या टोकांवर बसलेले लाकडी पाटे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसले की धाव सैल पडे आणि चाक सुताराच्या दारात येई. सुतार खिळखिळे झालेले आरे काढून नवे ठोकी. मग लोहार धावेचा तुकडा छाटून ती पुन्हा जोडी, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवी. फुगलेली धाव पकडींनी उचलून चाकावर उतरवली, की लगेच पाण्याच्या घागरी रित्या होत. वाफ उसळे, लोखंड आकसे आणि चाक करकचून आवळले जाई. एवढा खटाटोप करणारे हेच कारागीर तुंबा फाटलेला दिसला, तर मात्र चाक बाजूला ठेवत. तुंब्यात नवा आरा घट्ट बसणारच नसेल, तर त्यावर मजुरी घालण्यात अर्थ नव्हता. नांगराच्या फाळाचेही तसेच. झिजलेला फाळ लोहार शेवटून देई, पण त्याला अंगचे लोखंडच उरले नसेल तर नवा घडवावा लागे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 मध्ये आला, तेव्हा शेतकरी आधी बिचकला. पुढे तो रुळला, यात झिजणारा फाळ वेगळा काढता येण्याचाही वाटा असावा.

यंत्रयुगाने या सवयीला टंचाईची जोड दिली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. तिची पहिली इंजिने इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसन कारखान्यातली. सुटा भाग हवा तर तो समुद्रापलीकडे, म्हणून कुर्डुवाडीचे वर्कशॉप हाच त्या गाडीचा आधार. निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी बसवाहतूक सुरू केली आणि मोटार खोलणारे हात या मुलखातही तयार होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. 1954 च्या सुमारास जनरल मोटर्सने मुंबईतला जोडणीचा कारखाना बंद केला. तयार भाग मिळेना, तेव्हा मिस्त्री तो लेथवर घडवून घेऊ लागला.

इथे पहिला आक्षेप येतो : टंचाई संपली, मग सवय का उरावी? टाटा 407 आली 1986 मध्ये, एस आली 2005 मध्ये. बोलेरो पिकअपचे सुटे भाग आज तालुक्याच्या दुकानात मिळतात. पण भाग मुबलक झाल्याने दुरुस्ती निरर्थक ठरली नाही, फक्त तिचे रूप बदलले. पूर्वी मिस्त्री भाग घडवी, आता कोणता भाग बदलायचा ते ठरवतो. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा, बेअरिंगे आणि ऑइल सील हे आरे आहेत, ते झिजणारच. हाउसिंगला तडा, बेअरिंगची बैठक ढिली, शाफ्ट खाल्लेला, तेलावाचून चालवल्याने अनेक गिअरांचे दात उडालेले, म्हणजे तुंबा फाटला. त्यात नवे किट भरणे हे पैसे मातीत घालणे होय. आणि पुष्कळदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. क्लच प्लेट संपलेली असते किंवा गिअरची केबल ताणलेली असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. सोयाबीनच्या काढणीत आठवडाभर उभी राहिलेली गाडी भाडे गमावते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी कंपनीकडून नव्याने बांधलेला गिअरबॉक्स जुन्याच्या बदल्यात घेणे शहाणपणाचे ठरू शकते. टाटा मोटर्सची ‘प्रोलाइफ’ योजना याच धर्तीवर चालते. भंगारातून उचललेला गिअरबॉक्स मात्र स्वस्त दिसला, तरी त्याच्या पोटात काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. ज्याला उघडून पाहिलेले नाही, त्याच्यासाठी आपला उघडून पाहिलेला टाकायचा, हा उलटा व्यवहार झाला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत बोचरा आहे. बलुतेदारीतली दुरुस्ती स्वस्त होती ती कारागिराच्या जिवावर. खळ्यावर मिळणारे मूठपसा धान्य त्याच्या कामाच्या तोलाचे नव्हते, आणि जातीने बांधलेल्या माणसाला काम नाकारता येत नव्हते. म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यातला हिशेब तेवढा घ्यावा, मजुरीची रीत टाकावी. मिस्त्रीला पुरता मोबदला देऊनही दुरुस्ती परवडत असेल, तरच ती परवडते म्हणायचे. मजुरी, किट आणि उभ्या दिवसांचे बुडालेले भाडे यांची बेरीज बदली गिअरबॉक्सच्या जवळ गेली, तर बदलणेच बरे.

तेव्हा निर्णय घ्यावा तो गिअरबॉक्स उतरवून, खोलून. त्याआधीची परीक्षा फुकट आहे. ड्रेन बोल्ट काढून तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. पिवळसर बारीक चुरा दिसला तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत, दुरुस्तीला वाव आहे. पोलादाचे कपचे पडले तर दात गेले, बदलीच्या किमतीची चौकशी सुरू करा.