'पूर्वी खूप होती' हा पुरावा होत नाही

"पक्षी मोजून काय मिळतं हो?" हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो, आणि तो वावगाही नाही. उत्तरासाठी मात्र जरा लांब, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जावं लागेल. पोस्ट मोठी आहे, पण शेवटी आपल्याच वेशीवर येते.

पेनसिल्व्हेनियात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. वारा या रांगेला धडकला की वर चढतो. स्थलांतर करणारे गरुड, ससाणे त्या वाऱ्यावर पंख पसरतात आणि फारसे न फडफडता मैलोन् मैल पुढे सरकतात. ताकद वाचते. म्हणून शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणारे हजारो शिकारी पक्षी या एकाच धारेवरून जातात. वसंतात परतताना ते जास्त विखरून जातात, त्यामुळे संख्या कमी असते, तरी आजही तिथे १ एप्रिल ते १५ मे या काळात डोंगरावर बसून मोजणी होते.

पण या जागेची सुरुवात मोजणीने झाली नाही, बंदुकीने झाली.

शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे आणि शिकारीच्या पाखरांचे शत्रू, असा तेव्हा अनेकांचा समज होता. १९२९ मध्ये राज्याच्या शिकार खात्याने गॉसहॉक या पक्ष्यावर ५ डॉलर इनाम लावलं. आपल्या शिक्र्याचा हा मोठा भाऊबंद. त्यात मंदीचा काळ, म्हणजे ५ डॉलर ही काही छोटी रक्कम नव्हे. सुट्टीच्या दिवशी माणसं गाड्या करकरून डोंगरावर यायची, काडतुसं तिथेच विकत मिळायची, आणि समोरून जाणारा पक्षी कुठला हे न बघताच बार काढला जायचा. १९३२ मध्ये एका तरुण पक्षीप्रेमीने मेलेले पक्षी जमिनीवर ओळीने मांडून फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कच्या एका बाईंनी पाहिले आणि त्या गप्प बसल्या नाहीत.

त्यांचं नाव रोझाली एज. स्त्रियांच्या मतदान हक्काच्या चळवळीत तयार झालेल्या. १९३४ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी डोंगरावरची सुमारे १,४०० एकर जागा सरळ भाड्यानेच घेऊन टाकली. कायदा बदलायची वाट बघितली नाही. जागा आपली, तर बंदूकवाल्याला आत येऊ द्यायचं की नाही हेही आपणच ठरवायचं! राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांच्या पत्नी इर्मा यांना नेमलं. चिडलेल्या शिकाऱ्यांना वाटेवरच अडवायचं काम इर्माबाई करायच्या. शिकारी पक्ष्यांसाठी राखलेली ही जगातली पहिली जागा मानतात. नाव हॉक माउंटन.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्राउन यांना राखणीसाठी ठेवलं होतं. पण माणूस दिवसभर कड्यावर बसलेला, डोक्यावरून पक्षी चाललेले, त्यांनी मोजायला सुरुवात केली. कुठल्या जातीचे किती, तारखेनिशी. पहिल्याच हंगामात आकडा दहा हजारांवर गेला. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अमेरिकेचं मानचिन्ह असलेला बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, दिसला की तो पूर्ण वाढलेला आहे की पिल्लू आहे हे वेगळं लिहायचे. ओळखणं सोपं असतं. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर तो काळपट तपकिरीच दिसतो. वहीत एक रकाना जास्तीचा, एवढंच.

मग महायुद्ध संपलं आणि डीडीटी आली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ती ठाऊक आहे. हिवतापाचे फवारणीवाले घरोघर यायचे आणि भिंतीवर तारीख लिहून जायचे. अमेरिकेत तर शेतं, जंगलं, दलदली, सगळीकडे फवारणी झाली. ती पाण्यात उतरली, माशांत गेली, मासे खाणाऱ्या गरुडात साठली. अंड्यांची कवचं इतकी पातळ होऊ लागली की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच फुटायची. गरुड मरून पडलेले फारसे दिसत नव्हते. आकाशात ते होतेच. फक्त नवे जन्मत नव्हते. ही गोष्ट नुसत्या नजरेला दिसणार कशी?

ती ब्राउन यांच्या त्या जास्तीच्या रकान्यात दिसली. १९३५ ते १९३९ मध्ये तिथून गेलेल्या गरुडांत ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के. १९५७ साली तर ३२ मोठ्या पक्ष्यांमागे एक पिल्लू. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात इतर पुराव्यांबरोबर हे आकडेही छापले. त्याच वर्षी रोझाली एज वारल्या. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेने शेतीतली डीडीटी जवळपास बंद केली. २००७ मध्ये बाल्ड ईगल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला.

लक्षात घ्या, १९३५ मध्ये पिल्लं वेगळी लिहिताना ब्राउन यांना डीडीटी माहीतसुद्धा नव्हती.

आता आपल्या वेशीवर येऊ. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून गिधाडं उतरायची, हे पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. किती होती? "खूप होती." खूप म्हणजे किती? तिथे सगळे गप्प. मुंबईतल्या पारशांच्या दोखम्यावरूनही ती गेली. ती कधी कमी झाली, कुठल्या तालुक्यात आधी संपली, आपल्याला सांगता येत नाही, कारण कुणी वहीच ठेवली नव्हती.

देशाला जाग आली ती राजस्थानातल्या भरतपूरमुळे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्याकडे तिथल्या ऐंशीच्या दशकातल्या मोजणीचे आकडे होते. नव्वदीच्या उत्तरार्धात पुन्हा मोजलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त घट. जुना आकडा होता म्हणून नव्याला अर्थ आला. २००४ मध्ये कारण सापडलं, जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते औषध घेतलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. तोवर बहुतेक गिधाडं संपली होती.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजतात. चांगलंच आहे. पण बातमी त्या एका रात्रीची होते, मागच्या वीस वर्षांचे आकडे शेजारी ठेवून कुणी क्वचितच बघतं. उपयोग तर त्या तुलनेचाच आहे.

आपल्या माळरानावर हिवाळ्यात भोवत्या येतात, खाली खाली तरंगत गवतावरून फिरतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परत निघतात. माळ दरवर्षी कमी होतोय. कुठे प्लॉट पडले, कुठे सौर पॅनल, कुठे खाण. उद्या एखाद्या सुनावणीत "इथे पक्षी होते" म्हणायची वेळ आली, तर अधिकारी एकच विचारणार: किती, कधी, कुणी पाहिले?

त्याला पैसा लागत नाही. दोनशे पानी वही, एक ठरलेली जागा, ठरलेली वेळ, दर रविवारी एक तास. तारीख, वारा, जात, संख्या. एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं, ते शून्यही पुढे कामाला येतं. शाळेतल्या गुरुजींनी मनावर घेतलं तर पाच वर्षांत तालुक्याचा स्वतःचा आकडा तयार होईल.

आणि कुणाच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या डायरीत गिधाडांची, माळढोकाची, तणमोराची तारखेसह नोंद असेल, तर रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन बघतो.