वसई-विरारमधील स्वतंत्र घरबांधणी

वसई-विरारमधील स्वतंत्र घरबांधणी म्हणजे पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात जमीनमालकाने स्वतःच्या भूखंडावर, स्वतःच्या गरजेनुसार आराखडा तयार करून आणि ठेकेदार नेमून केलेले निवासी बांधकाम होय. विकासकाने उभारलेल्या इमारतीतील सदनिका विकत घेण्यापेक्षा ही प्रक्रिया वेगळी आहे. येथे जमिनीचा हक्क, बांधकाम परवानगी, ठेकेदाराची निवड आणि कामाचा दर्जा या सर्वांची जबाबदारी मुख्यतः मालकावर असते. किनारपट्टीची खारी हवा, सखल भागातील पूर, वडिलोपार्जित जमिनींची गुंतागुंतीची मालकी आणि अनधिकृत बांधकामांचे मोठे प्रमाण यांमुळे या परिसरात पूर्वनियोजनाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

वसई तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वैतरणा नदी आणि दक्षिणेस वसईची खाडी आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगराळ प्रदेश आहे. आगाशी, नाळा, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर आदी पश्चिम पट्ट्यातील गावांत कुपारी (सामवेदी) ख्रिस्ती, सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी इत्यादी समाजांची जुनी वस्ती आहे. येथील पारंपरिक घर सामान्यतः वाडीच्या, म्हणजे बागायतीच्या मध्यभागी असे. पुढे ओटा, आत माजघर, मागे पडवी आणि वर उतरते कौलारू छप्पर ही त्याची सर्वसाधारण रचना होती. उपनगरी रेल्वेमुळे मुंबईशी दळणवळण वाढल्यावर नालासोपारा, विरार, नवघर आणि माणिकपूर येथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. पश्चिमेकडील गावांत मात्र स्वतंत्र घरे व बंगले बांधण्याची पद्धत टिकून आहे.

१९९० मध्ये राज्य शासनाने सिडकोला वसई-विरार उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. उपप्रदेशाच्या विकास आराखड्याला ९ फेब्रुवारी २००७ रोजी मंजुरी मिळाली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०१० मध्ये नियोजनाचे अधिकार महानगरपालिकेकडे आले. गावांच्या समावेशाला मोठा विरोध झाला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. मात्र तो न्यायालयीन वादात अडकला. महानगरपालिकेच्या स्थापनेपूर्वी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलेली अनेक घरे या भागात आहेत. त्यामुळे जुने घर पाडून नवे बांधताना मूळ बांधकामाची कायदेशीर स्थिती तपासावी लागते.

जमिनीची तपासणी

घरबांधणीतील सर्वांत खर्चिक चुका प्रायः पाया खणण्यापूर्वीच्या, म्हणजे जमिनीच्या व्यवहारातील असतात. प्राथमिक तपासणीत पुढील कागदपत्रांचा समावेश होतो.

* सातबारा उतारा, आठ-अ आणि फेरफार नोंदी: जमिनीचा धारक, धारणा प्रकार आणि बोजा यांची माहिती. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. तो मालकीचा अंतिम पुरावा मानला जात नाही.
* मिळकत पत्रिका: गावठाण आणि नगर भूमापन झालेल्या क्षेत्रासाठी.
* मोजणी नकाशा: भूमी अभिलेख कार्यालयाने केलेल्या मोजणीचा ‘क’ प्रतीचा नकाशा. वाडीचे कुंपण आणि अभिलेखातील हद्द जुळत नसल्यास वाद उद्भवतो.
* झोन दाखला: विकास आराखड्यानुसार भूखंड रहिवासी विभागात आहे, हरित पट्ट्यात आहे की एखाद्या आरक्षणाखाली किंवा नियोजित रस्त्याखाली येतो, याचा दाखला.
* हक्कशोध अहवाल: वकिलाने दुय्यम निबंधक कार्यालयातील साधारणतः ३० वर्षांच्या नोंदी तपासून दिलेला अहवाल.

वसईतील वडिलोपार्जित वाड्यांच्या सातबाऱ्यावर बहुधा अनेक वारसांची नावे असतात आणि त्यांपैकी काही परदेशी स्थायिक झालेले असतात. हिंदू कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ (मुलींना सहदायिकाचा समान हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीसह) आणि ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. सर्व सहहिस्सेदारांची संमती किंवा रीतसर वाटप नसताना एका भावाने सामाईक जमिनीवर घर बांधल्यास पुढे बहिणी किंवा पुतण्यांच्या दाव्यामुळे ते अडचणीत येऊ शकते.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार निर्बंध आहेत. शेतजमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीने घेण्यावर १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार निर्बंध आहेत. स्थावर मालमत्तेच्या विक्रीसाठी नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार दस्तनोंदणी आवश्यक असते. केवळ मुद्रांक कागदावर नोटरी केलेल्या कराराने मालकी हक्क मिळत नाही. तरीही चाळी आणि गुंठ्यांचे भूखंड या पद्धतीने विकले गेल्याने अनेक खरेदीदारांची फसवणूक झाली आहे. (१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट.)

बांधकाम परवानगी

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विकासकाम सुरू करता येत नाही. बांधकामाचे तांत्रिक निकष डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिले आहेत. या नियमावलीनुसार बिगरदाटीच्या रहिवासी भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१ आहे. भूखंडाभोवती सोडावयाचे सामासिक अंतर रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर अवलंबून असते. ५०० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची सोय बंधनकारक आहे.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या घरासाठी प्रक्रिया सुलभ करण्यात आली आहे. वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेले नकाशे सूचनापत्रासह सादर करून आणि शुल्क भरून काम सुरू करता येते. या सवलतीमुळे नियमांतून सूट मिळत नाही. जमिनीचा हक्क, विभाग आणि सामासिक अंतरे यांच्या अटी कायम राहतात.

परवानगीचे सर्वसाधारण टप्पे असे आहेत: नकाशांसह अर्ज, छाननी व शुल्कभरणा, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी आणि काम पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. प्रारंभ प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असून ती वर्षावर्षाने जास्तीत जास्त तीन वेळा वाढवता येते. विकास आराखड्यातील वर्ग-१ धारणेच्या जमिनीला २०१४ नंतर कलम ४२-अ अन्वये स्वतंत्र अकृषिक परवानगीची आवश्यकता उरलेली नाही; मात्र देय रक्कम भरावी लागते. समुद्र व खाडीलगतच्या भूखंडांना सागरी किनारा विनियमन क्षेत्राचे आणि तुंगारेश्वर अभयारण्यालगतच्या भूखंडांना पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे अतिरिक्त निर्बंध लागू होऊ शकतात.

स्थानिक परिस्थिती आणि आराखडा

पूर आणि बावखले: जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली होता आणि रेल्वे वाहतूक व वीजपुरवठा खंडित झाला होता. त्यानंतर महानगरपालिकेने पूरस्थितीच्या अभ्यासासाठी नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांची मदत घेतली. पश्चिम पट्ट्यातील *बावखले*, म्हणजे वाड्यांमध्ये खोदलेली गोड्या पाण्याची तळी, सिंचनाबरोबरच पावसाचे पाणी साठवण्याचे व जमिनीत मुरवण्याचे काम करतात. भराव टाकून बावखल बुजवल्यास लगतच्या घरांत पाणी शिरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे जोत्याची उंची परिसरातील ज्ञात पूरपातळीच्या वर ठेवणे आणि पाण्याची नैसर्गिक वाट न अडवणे हे आराखड्यातील महत्त्वाचे मुद्दे ठरतात. केवळ स्वतःचा भूखंड भरावाने उंच केल्यास पाणी शेजाऱ्याकडे वळते आणि त्यातून वाद उद्भवतात.

माती आणि पाया: किनाऱ्यालगत रेताड, खाजण भागात मऊ चिकण आणि पूर्वेकडे मुरूम व खडक अशी विविधता आढळते. मऊ किंवा भरावाच्या जमिनीत माती परीक्षणाशिवाय ठरवलेला पाया असमान खचू शकतो.

खारी हवा: हवेतील क्षारांमुळे काँक्रीटमधील सळ्या गंजतात आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार किनारी वातावरणास उघड्या असलेल्या प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन अपेक्षित आहे. काँक्रीट मिसळण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. किनारपट्टीवरील विंधनविहिरींचे पाणी खारे असू शकते. त्यामुळे पाण्याची तपासणी आवश्यक ठरते. खाडीतून काढलेली न धुतलेली रेतीही याच कारणामुळे घातक असते.

भूकंप: आयएस १८९३ : २०१६ नुसार हा परिसर भूकंप विभाग ३ मध्ये येतो. नोव्हेंबर २०१८ पासून जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत सौम्य भूकंपांची मालिका नोंदवली गेली. स्वतंत्र घरासाठीही संरचना अभियंत्याकडून भूकंपरोधक संरचना करून घेणे त्यामुळे गरजेचे ठरते.

ठेकेदाराची निवड

घरबांधणीत तीन स्वतंत्र भूमिका असतात. वास्तुविशारद आराखडा तयार करतो, संरचना अभियंता पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब यांची गणिते करतो, तर ठेकेदार प्रत्यक्ष बांधकाम करतो. ‘वास्तुविशारद’ ही उपाधी वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच लावता येते. ठेकेदारासाठी मात्र अशी सक्तीची व्यावसायिक पात्रता नाही. तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे सोपवल्यास कामावर स्वतंत्र देखरेख राहत नाही.

ठेकेदारीचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* मजुरीचे कंत्राट: साहित्य मालक पुरवतो व ठेकेदार कारागीर आणि मजूर आणतो. दर्जावर मालकाचे नियंत्रण राहते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. एकल निवासी घराच्या केवळ मजुरी स्वरूपाच्या कंत्राटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे.
* साहित्यासह चौरस फुटाचा दर: सर्वाधिक प्रचलित पद्धत. दर कोणत्या क्षेत्रफळावर आकारला जाणार आणि गच्ची, सज्जा, जिना, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक व कुंपणभिंत त्यात धरली आहेत का, हे लिखित स्वरूपात नसल्यास अंतिम खर्च मूळ अंदाजापेक्षा बराच वाढतो.
* बाबनिहाय दर: खोदकाम, काँक्रीट, वीटकाम, गिलावा इत्यादींचे स्वतंत्र दर ठरवून प्रत्यक्ष मोजमापानुसार देयक दिले जाते.

दरपत्रकांची तुलना करण्यासाठी सर्व इच्छुक ठेकेदारांना तेच नकाशे आणि साहित्याचा तोच तपशील देणे आवश्यक असते. ठेकेदाराने पाच-सात पावसाळ्यांपूर्वी बांधलेली घरे पाहिल्यास गळती, ओल आणि तडे यांवरून कामाचा खरा दर्जा समजतो; नव्या रंगाखाली तो दिसत नाही.

करारनामा, देयके आणि देखरेख

करारनाम्यात मंजूर नकाशे, साहित्याची प्रत व ब्रँड, कामाची मुदत, विलंबाची भरपाई, अतिरिक्त कामाचे दर, मजुरांचा विमा आणि दोषदुरुस्तीचा कालावधी यांचा उल्लेख असतो. देयके जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा, लादीकाम आणि ताबा अशा टप्प्यांशी जोडली जातात. काम पुढे आणि पैसे मागे राहिल्यास मालकाची बाजू सुरक्षित असते. मोठी आगाऊ रक्कम देऊन काम अर्धवट राहणे ही वादाची नेहमीची सुरुवात आहे. काही टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धतही आढळते. गृहकर्जाची रक्कम बँका कामाच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने देतात. त्यामुळे कराराचे टप्पे त्यांच्याशी जुळवले जातात.

काम साधारणपणे पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू करून जूनपूर्वी छतापर्यंत नेण्याचा प्रयत्न असतो. देखरेखीत स्लॅब ओतण्यापूर्वी अभियंत्याकडून सळ्यांची तपासणी, काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांनंतरची दाबचाचणी आणि काँक्रीटवर पाणी मारणे यांचा समावेश होतो. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवण्याची शिफारस आयएस ४५६ मध्ये आहे.

कायदेशीर संरक्षण

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) विकासक आणि सदनिका खरेदीदार यांच्यातील व्यवहारांसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधून घेणाऱ्या मालकाचा ठेकेदार त्या कायद्यातील ‘प्रवर्तक’ ठरत नाही. त्यामुळे प्रवर्तकावरील पाच वर्षांच्या संरचनात्मक दोषांची जबाबदारी अशा ठेकेदाराला आपोआप लागू होत नाही; ती करारातच लिहावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘सेवा’ या संज्ञेत गृहबांधणीचा समावेश असल्याने निकृष्ट किंवा अपूर्ण कामाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. लेखी करार, बँकेमार्फत केलेली देयके आणि कामाची दिनांकित छायाचित्रे हे अशा तक्रारीत उपयुक्त पुरावे ठरतात.

अनधिकृत बांधकामांचा प्रश्न

वसई-विरारमध्ये बनावट प्रारंभ प्रमाणपत्रांच्या आधारे इमारती उभारल्याची प्रकरणे २०२३ मध्ये पोलीस तपासात उघड झाली. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी परिसरात सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या आणि तेथील कुटुंबे बेघर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला.

या घटना बहुमजली इमारतींशी संबंधित असल्या, तरी परवानगीविना बांधलेल्या स्वतंत्र घरालाही १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये नोटीस बजावली जाऊ शकते. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरावर मालमत्ता कराची आकारणी होत असली, तरी केवळ कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. मध्यस्थाकडून मिळालेले परवानगीपत्र महानगरपालिकेच्या नगररचना विभागातील मूळ अभिलेखाशी पडताळून पाहणे हा अशा फसवणुकीविरुद्धचा प्राथमिक उपाय आहे.

हेही पाहा

* वसई-विरार शहर महानगरपालिका
* वसई तालुका
* सातबारा उतारा
* चटई क्षेत्र निर्देशांक
* सागरी किनारा विनियमन क्षेत्र