स्फोट, खिडकी आणि गणित

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला दुपारी आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली, त्यांत आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान होते. कित्येक किलोमीटर दूरच्या घरांच्या काचाही फुटल्या.

मी कविता लिहिणारा माणूस. गणिताशी माझे कधी जमले नाही. पण या काचांनी मला तिकडे नेले.

६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात जळते जहाज पाहायला लोक खिडक्यांशी उभे राहिले. स्फोट झाला आणि कित्येकांचे डोळे गेले. दृश्य आधी पोचते, धक्का मागून. किलोमीटरभर अंतरावर दोघांत दोन-तीन सेकंद जातात, आणि नेमके तेवढ्यात माणूस खिडकीशी येतो.

त्याच सुमारास इंग्लंडचे बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी आणि पुढे जर्मनीचे कार्ल क्रान्झ यांनी हिशेब मांडला: तोच दाब दुप्पट अंतरावर पोचवायचा तर स्फोटके आठपट लागतात. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतल्या स्फोटात १६८ जण गेल्यावर अमेरिकेत सरकारी इमारतींच्या खिडक्यांचा विचार गांभीर्याने होऊ लागला. संगणक काचेचे हजारो बारीक तुकडे कल्पितो आणि दाब आल्यावर प्रत्येक तुकडा किती वाकेल, कुठे तडकेल, हे सेकंदाच्या लाखाव्या भागाने मोजत जातो. दाबामागून ओढ येते, म्हणून काच बाहेर रस्त्यावरही पडते. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असला, तर काच तडकते पण तुकडे त्याला चिकटून राहतात. मात्र चौकट कच्ची असेल तर अख्खी खिडकीच खोलीत येते!

कळमन्यात मालगाडी गेली की माझ्या घराची साधी काच थरथरते. स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ कामगार गेले, भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ. ही गणिते वकिलातींसाठी मांडली जातात. कारखान्याशेजारच्या गावातल्या शाळेसाठी ती का मांडू नयेत, असे मला वाटते. काचेवर आतून चिकटवायची फिल्म वकिलातीच्या खिडकीइतकी महाग नसते. आणि आभाळात लखकन उजेड दिसला, तर पोरांनी खिडकीकडे धावू नये, भिंतीआड बसावे, हे शिकवायला तर काहीच खर्च नाही.