जड अंगाचा इतिहास

गलगंड, गालगुंड आणि गंडमाळा हे तीन शब्द मराठीत इतके शेजारी बसले आहेत की जुने कागद वाचताना दरवेळी थांबून खात्री करावी लागते. गालगुंड म्हणजे कानाखालच्या लाळग्रंथींची सूज, बहुतेक मुलांना होणारी आणि आठ-दहा दिवसांत ओसरणारी. गंडमाळा म्हणजे मानेतल्या गाठींची माळ, बहुधा क्षयाची. गलगंड म्हणजे गळ्यापुढे आलेली थायरॉईड ग्रंथीची वाढ. सुश्रुतसंहितेत तिचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार सांगितले आहेत. या तिन्ही आजारांना नावे मिळाली, कारण ते दिसतात.

तीच ग्रंथी गळा न फुगवता नुसती मंदावली तर मात्र आपल्या भाषेत त्याला नाव नव्हते. अंग जड पडलंय, वात धरलाय, तोंडावर सूज आलीय, असे म्हणत. सासरच्या तोंडी याच अवस्थेला आळस हा शब्द होता. तो रोगाचे निदान नव्हता, आरोप होता. चरकाने अतिस्थूल माणसाचे आठ दोष मोजले आहेत आणि काहीजण त्यात आजचा हायपोथायरॉईडिझम शोधतात. मला ते पटत नाही. त्या आठांत घामाचा अतिरेक आहे, अतिभूक आहे. थायरॉईड मंद झालेल्या बाईची कातडी कोरडी पडते, तिला थंडी सोसत नाही आणि भूक बहुधा मंदावलेलीच असते. चरकाचा रुग्ण हा खाऊन जड झालेला सुखवस्तू माणूस आहे. आपण शोधतो आहोत ती बाई वेगळी.

ती सातारा-सांगलीच्या कागदांत सापडणे अवघड आहे. हे दोन जिल्हे वेगळे धरण्याचे कारण तसे अलीकडचे. 1949 साली दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचे सांगली झाले. त्याआधी इकडे ब्रिटिश सातारा आणि मध्ये मध्ये सांगली, मिरज, औंध, जत, फलटण अशी संस्थाने. 1885 चे साताऱ्याचे गॅझेटियर घ्या किंवा त्या काळातली दवाखान्यांची वर्गवारी घ्या. ताप, पोटाचे विकार, त्वचारोग असे गट असत. थकवा हा गट नव्हता आणि थकून दवाखान्यात जाण्याची बाईमाणसाला मुभाही नव्हती.

लंडनमध्ये ही बाई कागदावर आली ती 1873 साली. विल्यम गल या डॉक्टराने प्रौढ स्त्रियांत हळूहळू येणारी सुस्ती, सुजलेला चेहरा आणि जाड झालेली जीभ यांची नोंद केली. पुढे विल्यम ऑर्डने त्या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिले. स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर हा शल्यचिकित्सक गलगंड मुळापासून काढून टाकी. आपल्याच जुन्या रुग्णांना त्याने परत बोलावून तपासले तेव्हा पूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेक जण मंद आणि सुजलेले झालेले होते. 1883 मध्ये त्याने ते जाहीर केले आणि पूर्ण ग्रंथी काढणे सोडले. 1909 चे नोबेल त्याला मिळाले. स्वतःचे रुग्ण असे परत बोलावून पाहणारे डॉक्टर तेव्हाही थोडे होते.

औषध 1891 मध्ये आले. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरीने एका 46 वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बाई पुढे 28 वर्षे जगली आणि तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरीने नंतर दिला. लगेचच कळले की टोचण्याची गरज नाही, ग्रंथी पोटात गेली तरी पुरते. एक डॉक्टर तर अर्धी ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला सांगे. हे औषध त्या रूपात आपल्याकडच्या माजघरात शिरणे शक्यच नव्हते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, 1894 मध्ये, मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उघडले. हे मिशनरी डॉक्टर आधी सांगलीत दवाखाना चालवत. पुढे मिरजेच्या रेल्वेने लांबलांबचे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले. कीर्ती झाली ती मोतीबिंदूच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांची. डोळ्यावरची पट्टी सुटली की माणसाला दिसते, आणि ही बातमी चार गावे पसरते. सुस्तीची बातमी होत नाही. शस्त्रक्रियेच्या त्या युगात जड अंगाची बाई रुग्णालयाच्या पायरीपर्यंत पोचायला काही कारणच नव्हते.

मिठाचे प्रकरण निराळे. घाटावर मीठ येई ते कोकणच्या मिठागरांतून, कुंभार्ली आणि इतर घाटांनी, बैलांच्या पाठीवर. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीनयुक्त, ही समजूत आजही घरोघर आहे आणि ती चूक आहे. समुद्राच्या पाण्यापासून बनलेल्या खड्यांत आयोडीन नगण्य उरते. त्याच वाटेने वर येणाऱ्या सुकटी-बोंबलांत मात्र ते असते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. त्यावर 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी 1997 मध्ये आली, 2000 मध्ये उठली आणि 2006 मध्ये पुन्हा आली. या कार्यक्रमाने खूप साधले, पण त्याचेही लक्ष गळ्याकडेच होते, कारण गलगंड मोजता येतो.

मीठ बदलूनही आजार संपला नाही. 2013 मध्ये आठ शहरांतल्या 5,376 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 11 टक्के लोकांत थायरॉईड मंद आढळला. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांच्या तिपटीहून जास्त होते, आणि किनाऱ्यापेक्षा आतल्या शहरांत अधिक. आता बऱ्याचदा कारण आयोडीनची उणीव नसून शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला हे असते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टराने 1912 मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्या आठ शहरांत गोवा आणि मुंबई आहेत, सातारा-सांगलीतले एकही ठिकाण नाही.

आणि वजन. आमच्या भागात बाळंतपणानंतर बाईने अंग धरले की ती खात्यापित्या घरची समजत. आज तीच बाई डॉक्टरकडे जाते ती वजनासाठी, आणि ‘मला थायरॉईड आहे’ असे सांगते. ग्रंथी प्रत्येकालाच असते, पण आजाराचे नाव म्हणून तो शब्द आता मराठीत पक्का बसला आहे. थायरॉईडच्या अर्काने वजन उतरते हे 1890 च्या दशकातच लक्षात आले आणि निरोगी लोकांनीही तो घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत 1950-60 च्या दशकांत वजन घटवण्याच्या रंगीबेरंगी गोळ्यांत थायरॉईड घातलेले असे. त्या गोळ्यांशी मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि 1968 मध्ये सरकारला कारवाई करावी लागली. खरे पाहता मंद थायरॉईडमुळे चढणारे वजन बहुतेकांत अडीच ते साडेचार किलोच्या आसपास असते आणि त्यातला बराच भाग मीठ-पाण्याचा असतो. गोळी बरोबर लागली तर तेवढेच उतरते. बाकीच्या किलोंचा दोष ग्रंथीवर टाकून गोळी वाढवत नेली, तर धडधड आणि हाडांची झीज वाट्याला येते.

थकव्याचेही तसेच. टीएसएच मोजण्याची पद्धत 1960 नंतर आली आणि एका आकड्यावर निदान होऊ लागले. आकडा जागेवर आला की डॉक्टर म्हणतात, सगळे ठीक आहे. बाईला ठीक वाटत नसते, आणि हा आरोप पुन्हा जुन्या आळसापाशी जातो. खरे तर महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया पंडुरोगी आहेत. लोहाची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकत्र घेतली तर थायरॉईडची नीट शोषली जात नाही, त्यांत चार तासांचे अंतर लागते. पहाटे पाचला उठून धारा काढणारी, दूध डेअरीत पोचवणारी बाई चहा घेते तेव्हाच गोळीही टाकते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला अर्धा-पाऊण तास थांबायचे, हे तिला कोणी बसून सांगितलेले नसते. सकाळी फिरायला जा, हे मात्र सगळे सांगतात. जिच्या पायाखालून गोठा आणि रान गेलेले असते तिला हा सल्ला चेष्टेसारखा वाटला तर नवल नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन वजन का उतरत नाही, हा प्रश्नही तिथलाच.

स्वयंपाकघरातली कोबीबंदी मात्र थेट बाल्टिमोरहून आली. 1928 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना कोबीवर पोसलेल्या सशांत गलगंड आढळला. ससे जवळजवळ कोबीवरच जगत होते. शिजवलेली कोबीची भाजी, तीही आयोडीनयुक्त मिठात, कधीमधी खाणाऱ्या माणसाला तो हिशोब लागू नाही. बाजरीबद्दल सुदानमधल्या दार्फुरच्या अभ्यासांनी अधिक गंभीर प्रश्न उभा केला, कारण तिथे आयोडीनही कमी होते आणि बाजरी रोजचे अन्न होते. माण, खटाव, आटपाडी, जत हा आपला बाजरीचाच मुलूख. आयोडीनयुक्त मीठ येण्याआधीच्या दुष्काळी वर्षांत, भाकरीशिवाय फारसे काही नसलेल्या ताटासमोर बसलेल्या बाईच्या जड अंगाची चौकशी करायची, तर ती इथून सुरू करावी लागेल.